सी२सी१२ पेशींपासून स्नायुतंतू: जनुकांचा क्रम डिशमध्ये कसा वाचायचा

हाडांना जोडलेले स्नायू गर्भात तयार होताना कोणतं जनुक कधी चालू होतं, हे भ्रूणात पाहायचं तर प्राणी, परवानग्या आणि बराच काळ लागतो. पण या घडणीचा उत्तरार्ध, म्हणजे सुट्या पेशी विभाजन थांबवतात, एकमेकींत विलीन होतात आणि त्यांचा अनेक केंद्रकांचा एक लांब तंतू होतो, हा सगळा प्रवास सी२सी१२ नावाच्या, उंदराच्या स्नायूतून आलेल्या पेशींत प्लास्टिकच्या डिशमध्ये आठवडाभरात दिसतो. एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. सुरू करणाऱ्यांनी या विषयात शिरताना हाच प्रयोग आधी हाताखालून घालावा. हूडमध्ये निर्जंतुक काम कसं करायचं आणि पेशी कशा मोजायच्या हे तुम्हाला येतं, असं धरून पुढे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. एखादं जनुक पेशीत व्यक्त झालंय आणि त्याचं प्रथिन काम करतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायूंच्या बाबतीत हा फरक इतका ठळक आहे, की तो न कळल्यामुळे चांगल्या मेहनतीने काढलेल्या आकडेवारीचा चुकीचा अर्थ लावला जातो.

हूडमध्ये जाण्याआधी

भ्रूणात मज्जारज्जूच्या दोन्ही बाजूंना सोमाइट नावाचे पेशींचे ठोकळे असतात. धड आणि हातापायांचे स्नायू त्यांतूनच येतात. तिथल्या पूर्वज पेशींत पॅक्स-३ आणि पॅक्स-७ ही जनुकं चालू असतात. आजूबाजूच्या ऊतींकडून येणाऱ्या विंट आणि सॉनिक हेजहॉग या संदेशांमुळे त्यांतल्या काही पेशींत मिफ-५ आणि मायो-डी चालू होतात. इथे पेशी स्नायूच्या वाटेला लागते, पण अजून विभाजित होत राहते. अशा पेशीला मायोब्लास्ट म्हणतात. पुढे मायोजेनिन चालू होतं, पेशी विभाजन कायमचं सोडते आणि विलीनीकरणाची तयारी करते. मिफ-५, मायो-डी, मायोजेनिन आणि एमआरएफ-४ या चौघांचं मिळून एक कुटुंब आहे. चौघेही डीएनएवर ई-बॉक्स नावाच्या सहा अक्षरी जागेला धरतात.

मायो-डीची ताकद १९८७ साली सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात दिसली. रॉबर्ट डेव्हिस, हॅरोल्ड वाइनट्रॉब आणि अँड्र्यू लॅसर यांनी हे एकच जनुक उंदराच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या, पेशींत घातलं आणि त्या पेशी स्नायूच्या झाल्या. साहजिकच, उंदरातून मायो-डी काढून टाकलं तर स्नायू बनणारच नाहीत असं वाटेल. १९९२ मध्ये तसे उंदीर तयार झाले आणि ते चक्क जगले, त्यांचे स्नायूही जवळपास ठीक होते. त्यांच्यात मिफ-५चं प्रमाण वाढलेलं होतं. पुढच्या वर्षी दोन्ही जनुकं एकत्र काढली, तेव्हा मात्र पिल्लांत हाडांचे स्नायू तयारच झाले नाहीत. त्याच वर्षी मायोजेनिन नसलेल्या उंदरांत वेगळंच चित्र दिसलं: मायोब्लास्ट जागच्या जागी हजर, पण त्यांचे तंतू फारच थोडे, आणि पिल्लं जन्मताच दगावली. या तीन निकालांतून क्रम आपोआप समजतो. मायो-डी आणि मिफ-५ दिशा ठरवतात, ती जबाबदारी काही अंशी एकमेकांत वाटून घेतात, आणि मायोजेनिन ती तडीस नेतं.

आता मुख्य मुद्दा. वाढत्या मायोब्लास्टमध्ये मायो-डी आधीपासूनच असतं. मग ती पेशी लगेच तंतू का होत नाही? मायो-डी एकट्याने नीट काम करू शकत नाही, त्याला ई-प्रथिन नावाचा जोडीदार लागतो. भरपूर सीरम, म्हणजे रक्तातला वाढ-घटक असलेला द्रव, मिळणाऱ्या पेशीत आयडी नावाचं प्रथिन मुबलक असतं. ते ई-प्रथिनांशी आधीच जोडी करून बसतं, आणि त्याला स्वतःला डीएनए धरता येत नाही. त्यामुळे मायो-डी असूनही अडकून पडतं. पेशीचक्र चालवणारं सायक्लिन डी-१ आणि त्याचं जोडीदार विकर सीडीके-४ हेही मायो-डीला दाबून ठेवतात. सीरम कमी केलं की आयडी ओसरतं, पी-३८ हा संदेशमार्ग जोर धरतो, मायो-डी मायोजेनिनचं जनुक उघडतं, मेफ-२ हे सहकारी प्रथिन त्यात भर घालतं, आणि पी-२१ हे प्रथिन पेशीचक्राला कुलूप लावतं. तुम्ही मीडियम बदलता तेव्हा पेशीत हे सगळं घडत असतं. हे डोळ्यांसमोर ठेवलं की पुढच्या प्रत्येक पायरीचं कारण कळतं.

पायरी १: पेशी मिळवणं आणि त्यांना तरुण ठेवणं

या पेशींचं मूळ सी-२ ही मालिका. डेव्हिड याफे आणि ओरा साक्सेल यांनी १९७७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून ती प्रसिद्ध केली. सी३एच जातीच्या उंदराच्या मांडीतल्या दुखावलेल्या स्नायूतून या पेशी घेतल्या होत्या. त्यातली सी२सी१२ ही उपशाखा स्टॅनफर्डमध्ये हेलन ब्लाऊ यांच्या गटाने निवडली. १९८३ मध्ये त्यांनी या पेशींचं मानवी गर्भजलातल्या पेशींशी मीलन घडवलं, तेव्हा मानवी केंद्रकातली गप्प असलेली स्नायूजनुकं बोलू लागली. नियमन करणारे घटक पेशीद्रवातून फिरतात आणि दुसऱ्या केंद्रकालाही कामाला लावतात, याचा तो देखणा पुरावा आहे.

या इतिहासातून एक मर्यादाही कळते. सी२सी१२ पेशी प्रौढ स्नायूतल्या सॅटेलाइट पेशींच्या, म्हणजे स्नायू दुखावला की नवे तंतू बनवणाऱ्या राखीव पेशींच्या, वंशातल्या आहेत, भ्रूणातल्या नव्हेत. सोमाइटमध्ये पॅक्स-३चं काय होतं, हा प्रश्न त्यांना विचारू नका.

भारतात या पेशी मागवण्यासाठी पुण्याच्या गणेशखिंड भागातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र सोयीचं. तिथला पेशीसंग्रह देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवतो. शेजारच्या प्रयोगशाळेतून उसनी व्हायल आणणं स्वस्त पडतं, पण तिचा पॅसेज किती झालाय, म्हणजे त्या पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये नेल्या गेल्यात, हे कोणाला सांगता येत नसेल, तर घेऊ नका. आल्या आल्या मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूंची, चाचणी करा आणि चाचणी ठीक आल्यावरच पेशी मुख्य इनक्युबेटरमध्ये ठेवा. मग लगेच कमी पॅसेजच्या दहा-बारा व्हायल १० टक्के डीएमएसओमध्ये गोठवा. पंधरा-वीस पॅसेजनंतर या पेशींची विलीन होण्याची क्षमता मंदावते, तेव्हा नवीन व्हायल काढलेली बरी.

पायरी २: वाढ, आणि गर्दी होऊ न देणं

मीडियम म्हणून जास्त ग्लुकोजचं डीएमईएम, म्हणजे लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असलेलं, आणि त्यात १० टक्के गर्भवासराचं सीरम. काही जण २० टक्के वापरतात. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. पेशींची संख्या साधारण दिवसभरात दुप्पट होते.

इथे सगळ्यात महत्त्वाची शिस्त म्हणजे फ्लास्क ६०–७० टक्के भरला की पेशी पुढच्या फ्लास्कमध्ये न्यायच्या. शुक्रवारी संध्याकाळी ७० टक्के दिसणारा फ्लास्क सोमवारपर्यंत ठेवला, की पेशी एकमेकींना भिडतात आणि त्यातल्या ज्या उत्तम स्नायू बनू शकतात, त्या आधी विभाजन सोडून देतात. मागे राहतात त्या आळशी पेशी. पुढच्या पॅसेजला तुम्ही त्यांनाच वाढवता. बाहेरून फ्लास्क निरोगी दिसतो, नुकसान मात्र कायमचं झालेलं असतं. म्हणून शनिवार-रविवारचं नियोजन आधी करा. यायला जमणार नसेल, तर शुक्रवारी पेशी विरळ लावा.

पायरी ३: विभेदनाला लावणं

विभेदन म्हणजे मायोब्लास्टने विभाजन सोडून स्नायूचं रूप घेणं. सहा खणांच्या प्लेटमध्ये खणामागे साधारण दीड लाख पेशी लावा. दोन दिवसांत त्या ९० टक्क्यांच्या वर जागा व्यापतात. हा आकडा तुमच्या प्रयोगशाळेत थोडा सरकेल, पण प्रत्येक प्रयोगात पेशी मोजूनच लावायच्या, अंदाजाने नाही. कारण घनता ही स्वतःच एक सूचना आहे: पेशी पुरेशा जवळ आल्या, की सीरम काढण्याआधीच थोडं मायोजेनिन दिसू लागतं. उपचार केलेल्या खणात पेशी दाट आणि कंट्रोलमध्ये विरळ असतील, तर तुम्ही औषध नाही, गर्दी मोजता आहात.

मग जुनं मीडियम काढा, पीबीएसने एकदा-दोनदा धुवा आणि २ टक्के घोड्याचं सीरम असलेलं डीएमईएम घाला. धुणं टाळू नका, उरलेल्या सीरममधले वाढ-घटक आयडीला जागं ठेवतात. मीडियम रोज किंवा एक दिवसाआड बदला. बदलताना पिपेटचं टोक खणाच्या भिंतीला टेकवून हळू सोडा. विरजण लावलेलं भांडं जसं आपण हलवत नाही, तसंच तिसऱ्या दिवसानंतर या प्लेटला जपायचं. तयार झालेले तंतू जरा धक्का बसला तरी पापुद्र्यासारखे सुटून येतात.

पहिल्या दिवशी काही पेशी मरून तरंगताना दिसतील, त्याने घाबरू नका. दुसऱ्या दिवशी उरलेल्या पेशी लांबट होऊन एका दिशेने ओळीत लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकदार, नळीसारखे मायोट्यूब ओळखू येतात. पाचव्या ते सातव्या दिवशी ते जाड होतात आणि कधीकधी त्यातला एखादा आपोआप आकसताना दिसतो. एक घड्याळ आणि एक वही प्लेटसोबत ठेवा. 'तिसरा दिवस' असं लिहू नका, मीडियम बदलल्यापासून किती तास झाले ते लिहा. मायोजेनिन पहिल्या २४ ते ४८ तासांत झपाट्याने वाढतं, तिथे सहा तासांचा फरकही आकडे बदलतो.

पायरी ४: आरएनए आणि प्रथिनं

नमुने घेताना दोन 'शून्य', म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीचे नमुने, ठेवा. एक, निम्म्या भरलेल्या, वाढत्या पेशी. दुसरं, पूर्ण भरलेल्या, पण अजून सीरम न बदललेल्या पेशी. त्यानंतर २४, ४८, ७२ आणि १२० तास. बहुतेक नवशिके एकच शून्य घेतात आणि गर्दीचा परिणाम व सीरमचा परिणाम वेगळा काढण्याची संधी घालवतात.

कोणती जनुकं पाहायची? मायो-डी, मायोजेनिन, पी-२१, मायोमेकर आणि स्नायू आकसवणाऱ्या मायोसिन या प्रथिनाची जड साखळी एवढ्यांनी कथा पूर्ण होते. आयडी-१ घेतलंत तर उत्तम, कारण ब्रेक सुटताना दिसतो. मायोमेकर हे २०१३ मध्ये एरिक ओल्सन यांच्या गटाने दाखवलेलं, पेशीपटलावरचं प्रथिन. ते नसेल तर मायोब्लास्ट एकमेकींशेजारी येतात, पण विलीन होत नाहीत. त्याचं जोडीचं प्रथिन मायोमर्जर २०१७ मध्ये एकाच वेळी अनेक गटांनी शोधलं, म्हणून जुन्या-नव्या लेखांत त्याला मायोमिक्सर आणि मिनियन अशीही नावं सापडतील.

आलेखात मायो-डीची रेषा फारशी हलणार नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, प्रयोग फसला. फसलेला नसतो. आयडी-१ची रेषा खाली येताना आणि मायोजेनिनची वर चढताना शेजारी ठेवून पाहा, म्हणजे न हललेल्या रेषेचा अर्थ कळेल.

संदर्भ-जनुकाबद्दल, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीची जनुकं मोजतात त्याबद्दल, विशेष सावध राहा. सवयीने सगळे बीटा-ॲक्टिन घेतात. पण स्नायू बनताना पेशी बीटा-ॲक्टिन कमी करून स्नायूचं ॲक्टिन वाढवते, म्हणजे तुमची मोजपट्टीच प्रयोगासोबत आखडते. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचं विकर आहे, तेही विभेदनात स्थिर राहील याची खात्री नसते. तीन-चार संदर्भ-जनुकं तुमच्याच नमुन्यांवर तपासा आणि जी सगळ्यांत कमी हलतात, त्यांपैकी दोन वापरा. हे आठवड्याचं काम आहे, पण नंतरच्या सगळ्या आलेखांचा पाया तोच.

प्रथिनं मोजायच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये मायोसिनची जड साखळी २०० किलोडाल्टनच्या वर येते. तिला कमी टक्क्यांचं जेल आणि सावकाश, थंड ट्रान्सफर लागतो. मायो-डी आणि मायोजेनिन दोन्ही त्यांच्या हिशेबी वजनापेक्षा जड दिसतात. मायो-डी ४५च्या आसपास, मायोजेनिन ३४च्या आसपास.

पायरी ५: रंगवणं आणि मोजणं

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये दहा-पंधरा मिनिटं, मग पेशीपटलाला भोकं पाडणारं सौम्य ट्रायटॉन, मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉकिंग. मायोसिनसाठी एमएफ-२० आणि मायोजेनिनसाठी एफ-५डी या अँटिबॉडी आयोवा विद्यापीठातल्या हायब्रिडोमा संग्रहातून वाजवी किमतीत मिळतात. दोन्ही उंदरात बनलेल्या असल्याने एकत्र वापरताना गोंधळ होतो. त्यातून वाट अशी: एमएफ-२० ही आयजीजी-२बी प्रकारची आणि एफ-५डी आयजीजी-१ प्रकारची आहे, तेव्हा त्या त्या प्रकारालाच धरणाऱ्या वेगवेगळ्या रंगांच्या दुय्यम अँटिबॉडी मागवा. केंद्रकांसाठी डॅपी हा रंग.

फ्यूजन इंडेक्स म्हणजे मायोसिन असलेल्या आणि दोन किंवा अधिक केंद्रकं असलेल्या तंतूंमधली केंद्रकं, भागिले चित्रातली एकूण केंद्रकं, गुणिले शंभर. सूत्र सोपं, प्रामाणिकपणे मोजणं कठीण. डोळा नेहमी सुंदर तंतूंकडे ओढला जातो. म्हणून चित्रं घेण्याच्या जागा आधीच ठरवून घ्या, आणि फाइलींची नावं सहकाऱ्याकडून बदलून घेऊन मग मोजा. एकाच प्लेटचे तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजने लावलेले तीन प्रयोग हवेत.

इंडेक्स शंभरपर्यंत जाणार नाही आणि जाऊही नये. काही पेशी सीरम काढल्यावरही एकट्या, शांत राहतात. त्यांना राखीव पेशी म्हणतात. त्यांच्यात मायो-डी अगदी कमी असतं, आणि पुन्हा सीरम दिलं की त्या विभाजित होऊ लागतात. शरीरातल्या सॅटेलाइट पेशींची ही छोटी प्रतिकृतीच. माझ्या मते डिशमधला हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत देखणा भाग आहे. वेळ मिळाला तर तंतू हलक्या ट्रिप्सिनने आधी सोडवून घ्या आणि मागे चिकटून राहिलेल्या या पेशी वेगळ्या अभ्यासा.

पायरी ६: आता यंत्रणेत हात घाला

इथवर सगळं नीट जमलं, तरच जनुक दाबण्याच्या प्रयोगाकडे वळा. कंट्रोलचा इंडेक्स दर वेळी वर-खाली होत असेल, तर एसआयआरएनएचा, म्हणजे एखाद्या जनुकाचा आरएनए नष्ट करणाऱ्या छोट्या आरएनएचा, परिणाम त्यात बुडून जाईल.

पहिला सराव औषधाने करा. पी-३८ला रोखणारं एसबी-२०३५८० विभेदनाच्या मीडियमसोबत घाला. मायोजेनिन दबेल आणि तंतू घटतील. दुसरा सराव बीएमपी-२ने. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की हे प्रथिन दिलं तर सी२सी१२ पेशी स्नायूची वाट सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. मायो-डी असलेली पेशीसुद्धा परत वळवता येते. बीएमपी आयडी वाढवतं हे लक्षात घेतलं, की हा निकाल चमत्कार वाटत नाही.

मग एसआयआरएनए. पेशी निम्म्या भरलेल्या असताना द्या, म्हणजे मीडियम बदलेपर्यंत प्रथिन उतरलेलं असेल. एकाच जनुकाच्या दोन वेगळ्या जागांवरचे एसआयआरएनए घ्या, निरर्थक क्रमाचा कंट्रोल घ्या, आणि शक्य असेल तिथे एसआयआरएनएला न सापडणारी जनुकाची प्रत परत घालून परिणाम उलटतो का पाहा. मायो-डी दाबल्यावर परिणाम अपेक्षेपेक्षा सौम्य दिसला, तर १९९२चे उंदीर आठवा आणि मिफ-५ मोजा.

दाबलेल्या पेशी मुळात कमी वाढल्या का, हेही तपासायचं. कमी पेशी, म्हणून कमी गर्दी, म्हणून कमी तंतू. या साखळीचा विभेदनाशी काही संबंध नसतो, पण लेखांच्या तपासणीत याच प्रश्नावर लोक अडतात. प्रत्येक चित्रातली एकूण केंद्रकं वेगळ्या रकान्यात लिहून ठेवा.

डिशच्या बाहेर

डिशमधला निकाल तसाच शरीराला लावू नका. मायोजेनिन नसलेल्या उंदराच्या शरीरात तंतू नीट बनत नाहीत, पण त्याच उंदरांचे मायोब्लास्ट बाहेर काढून वाढवले, तर ते विभेदित होऊ शकतात. शरीरातले आणि डिशमधले संदेश वेगळे असतात, एवढाच त्याचा अर्थ. उलट स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिनसारख्या जनुकाचा खरा आवाका प्राण्यातच दिसतो. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सिजिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांच्या गटाने ते काढून टाकलेल्या उंदरांचे स्नायू दोन ते तीन पट भरलेले दाखवले. बेल्जियन ब्लू या गुरांच्या जातीत त्याच जनुकातली ११ अक्षरं गळलेली आहेत आणि त्यांचे पुठ्ठे लांबूनही नजरेत भरतात.

त्यामुळे पुढचं पाऊल म्हणजे उंदराच्या स्नायूतून थेट काढलेल्या सॅटेलाइट पेशी. त्या कोलॅजिनेज आणि डिस्पेजने सोडवाव्या लागतात, कोलॅजन किंवा मॅट्रिजेल लावलेल्या डिशवर वाढतात, त्यांना एफजीएफ-२ हा वाढ-घटक लागतो, आणि पॅक्स-७ रंगवून त्यांची ओळख पटवावी लागते. त्यासाठी संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवी. जनुकं घालण्यासाठी विषाणू-वाहक वापरणार असाल, तर जैवसुरक्षा समितीचीही. समित्यांच्या बैठका मोजक्याच होतात, म्हणून सी२सी१२चा पहिला चांगला आलेख हातात आला, की त्याच आठवड्यात अर्ज लिहायला घ्या. तो आलेखच प्राथमिक निकाल म्हणून अर्जाला जोडता येतो.